कोंबड्या गेल्या तो हिवाळा

थंडी पडू लागली की आमच्या गल्लीतला अंडीवाला मला पाहून सायकल थांबवतो. मी जनावरांची डॉक्टर आहे, हे त्याला कुणीतरी सांगितलेलं आहे. "मॅडम, यंदा काही ऐकू येतंय का?" एवढंच विचारतो. रोगाचं नाव घेत नाही. नाव घेतलं की ते शेजारच्या गॅलरीत ऐकू जातं आणि मग आठवडाभर अंड्यांचे ट्रे त्याच्या घरीच पडून राहतात. मी म्हणते, "अजून तरी काही नाही हो." तो मान डोलावतो आणि कोपऱ्यावरून वळून जातो.

मी मात्र वर येऊन गॅलरीच्या कठड्यावर बसलेल्या कावळ्याकडे बघत राहते. त्याने मान तिरकी केली आहे ती माझ्याकडे नीट बघता यावं म्हणून, की मान सरळ राहतच नाही म्हणून? पंख जरा जास्तच सैल सोडलेत का? तो पोळीचा तुकडा उचलतो, कठड्यावर चोच घासतो आणि उडून जातो. म्हणजे ठणठणीत आहे. नाशिकच्या कावळ्यांची अशी तपासणी मी दर हिवाळ्यात त्यांच्या नकळत करत असते. ही खोड मला एका हिवाळ्याने लावली.

तेव्हा मी विंचूरच्या पलीकडे एका गावातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात होते. गावाचं नाव सांगत नाही, गावाने त्या दिवसांत पुरेसं ऐकून घेतलं आहे. निफाडच्या त्या पट्ट्यातली थंडी ज्यांनी अंगावर घेतली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. सकाळी स्कूटर सुरू करताना बोटं आपली राहत नाहीत. द्राक्षबागांमध्ये मणी फुगत असतात. त्यांना गारठ्याने तडे जाऊ नयेत म्हणून लोक ओळींच्या मधे शेकोट्या पेटवतात, आणि ओल्या काटक्यांचा धूर उन्हं वर येईपर्यंत शिवारावरून हलत नाही. कांद्याची लागवड चाललेली असते, वाफ्यातल्या गार चिखलात बायका अनवाणी वाकलेल्या असतात. आणि तिथून जवळच, गोदावरीच्या बंधाऱ्यामागे अडलेल्या पाण्यावर, नांदूरमधमेश्वरला, हिमालयापलीकडून आलेली बदकं उतरलेली असतात. रविवारी नाशिकहून, पुण्याहून गाड्या येतात, गळ्यात दुर्बिणी अडकवलेली माणसं उतरतात. गावातलं मात्र फारसं कुणी तिकडे फिरकत नाही. बदकं दरसालची, त्यात बघायचं काय!

त्या वर्षी पहिला मेलेला कावळा मी शाळेमागच्या चिंचेखाली पाहिला. एखादा कावळा मरतो, त्यात विशेष नाही. पण कावळा मेला की बाकीचे जमून केवढा कालवा करतात! इथे फांद्यांवर बसलेले सगळे गप्प होते. त्या गप्प बसण्यानेच मी स्कूटरवरून उतरले. पाय पोटाशी घेतलेले, चोचीच्या कडेला चिकट पाणी. दुसऱ्या दिवशी त्याच झाडाखाली आणखी काही पडलेले मिळाले. हातमोजे, मास्क चढवून मी नमुने घेतले आणि बर्फाच्या डब्यात भरून पाठवून दिले. असे नमुने शेवटी भोपाळच्या प्रयोगशाळेपर्यंत जातात. ते तिकडे पोचून उत्तर येईपर्यंत इकडे आपण वाट बघायची, आणि वाट बघताना आभाळाकडे जरा जास्त बघायचं.

उत्तर यायच्या आधी नजमाभाभीचा फोन आला.

नजमाभाभी म्हणजे रफिकभाईंची बायको. रफिकभाई पिकअप चालवायचे, गावातला कांदा विंचूरच्या बाजारात पोचवायचे. त्यांचं घर गावाच्या कडेला होतं. मागे ऐसपैस आवार, आवारात पत्र्याचा गोठा, गोठ्यात एक काळीपांढरी संकरित गाय, एक मांजर, आणि सगळीकडे भाभीच्या गावरान कोंबड्या. त्या गोठ्याच्या आढ्यावर झोपायच्या, गाईच्या पाठीवर उतरायच्या, तिच्याच हौदात चोची बुडवून पाणी प्यायच्या. घर भाभीचं, आवार मात्र कोंबड्यांचं.

गाईला इंजेक्शन द्यायला गेलं की भाभी हमखास काहीतरी विचारायची. "ताई, गाईला जांभई येती का?" "कोंबडीला सपान पडत असंल का? झोपेत पाय हलवती बघा." कधी मला उत्तर माहीत असायचं, बऱ्याचदा नसायचं. सातवीनंतर तिची शाळा सुटली होती. "गुरुजी म्हणायचे, नजमा, पुस्तकात हाय तेवढंच विचार. मग मी कायच विचारायची नाय. पुस्तकातलं तर पुस्तकात हायेच की!" असं म्हणून ती हसायची आणि पुढचा प्रश्न काढायची. तिच्याकडून निघाल्यावर दवाखान्यात पोचेपर्यंत माझ्या डोक्यात गाईची जांभई असायची. नोकरीच्या गावात जीव रमायला माणसाला काय लागतं, ते कुणाचं काय तर कुणाचं काय. मला भाभीचं आवार होतं.

फोनवर मात्र प्रश्न नव्हता. "ताई, तुरा जांभळा पडलाय. तुम्ही या."

मी गेले तेव्हा एक कोंबडी भिंतीशी डोकं टेकून उभी होती. तुरा वांग्याच्या रंगाचा, पापण्या सुजलेल्या, पायांवर लाल ठिपके. दोन आधीच गेल्या होत्या, भाभीने त्यांच्यावर टोपली उपडी घातली होती. दारात तिची मुलगी शिरीन उभी होती. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस भरत आलेले. मी तिला आत जायला सांगितलं, जरा जोरातच. भाभीने माझ्याकडे बघितलं.

कोंबडीच्या घशातून आणि मागून, दोन्हीकडून कापसाच्या काडीने मी नमुने घेतले, तेव्हा भाभीला राहवलं नाही.

"दोन्हीकडनं कशाला?"

"हा विषाणू मुळात बदकांचा. त्यांच्या पोटात राहतो, विष्ठेतून बाहेर पडतो. थंड पाण्यात बराच काळ टिकतो."

"मग बदकं मरत नाय?"

"बऱ्याचदा त्यांना काहीच होत नाही. कोंबडीत शिरला की मात्र तिला संपवतो."

तिने टोपलीकडे बघितलं. "म्हणजे तिथं पाहुणा, आन् इथं दरोडेखोर," ती म्हणाली. "असं का करतो?"

मी डबा बंद केला.

अहवाल आला. कावळ्यांत तोच विषाणू आणि कोंबड्यांतही तोच. त्यानंतर जे होतं ते ठरलेलं असतं. ठरलेल्या अंतरातल्या सगळ्या कोंबड्या, आजारी असोत वा नसोत, मारून चुन्याच्या खड्ड्यात पुरायच्या. भाभीच्या आवारात अजून बऱ्याच कोंबड्या तुरतुर फिरत होत्या.

"ह्या तर धडधाकट हायेत, ताई."

"हो."

"तरी?"

"तरी."

ती खाटेवर बसली. मी तिला समजावलं, की आज धडधाकट दिसतात, पण एकीच्या अंगात शिरला असेल तर उद्या सगळ्यांच्या शिरेल, आणि जितक्या जास्त अंगांत फिरेल तितका तो बदलत जाईल. तिने ऐकून घेतलं. पटलं की नाही, कळलं नाही. रफिकभाई म्हणाले, "मॅडमला सांगून उपयोग हाय का? त्यांच्या हातात नाय ते." ते खरंच होतं.

आमच्या खात्याच्या पथकातली माणसं पांढऱ्या पोशाखात आली. चेहऱ्यावर चष्मे, मास्क, हातात जाळ्या. कोंबड्यांनी असली माणसं कधी पाहिलेली नव्हती. त्या पत्र्यावर चढल्या, बाभळीत शिरल्या, एक तर गाईच्या पोटाखाली जाऊन बसली. तासभर नुसती पळापळ चालली. पिसं, धूळ, आरडाओरडा. मग घरातून भाभी बाहेर आली. मी तिला आत थांबायला सांगितलं होतं.

"थांबवा हे," ती म्हणाली. "मी बोलावते. जायच्याच हायेत तर अशा भिऊन कशाला जाऊ देता?"

नियमात ते बसत नव्हतं. मी पथकाच्या प्रमुखाकडे बघितलं, तो घामाने भिजला होता. त्याने एक मास्क आणि हातमोजे तिच्यापुढे धरले. भाभीने ते चढवले, परातीत बाजरी घेतली आणि आवाराच्या मधोमध उकिडवी बसून हाक मारली. "आ-आ-आ... आ-आ-आ..." मास्कमुळे आवाज दबका येत होता. तरी त्यांनी ओळखला. पत्र्यावरून उतरल्या, बाभळीतून आल्या. ती एकेकीला उचलायची, पंख पोटाशी दाबून धरायची आणि त्या माणसाच्या हातात द्यायची. शेवटची कोंबडी दिल्यावर तिने परात झटकली, मास्क दिला, हात धुतले आणि आत गेली. पथकातली माणसं तिच्या पाठीकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी त्या आवारात शिरताना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मग लक्षात आलं, पायाखाली बघून चालायची गरज उरली नव्हती. सगळीकडे चुना पडलेला. गाय तेवढी रवंथ करत होती आणि तिच्या पाठीवर कुणी नव्हतं.

त्यानंतर एक-दोन दिवसांनी मी पुन्हा गेले तर भाभीचे डोळे लाल होते. चांगलेच लाल, पापण्या जड झालेल्या.

"फार रडलात का, भाभी?"

"नाय ताई. रडायला आलंच नाय." तिने मनगटाने डोळा चोळला. "कालपास्नं वाळू गेल्यासारखं खुपतंय. अंगबी तापलंय जरा." आणि मग साध्या आवाजात, "गायीनंबी दूध कमी केलंय. जाड येतंय, चिकासारखं."

मी होते तिथून दोन पावलं मागे सरकले. पाय आपोआपच सरकले.

मी तेव्हा वाचत होते ते सगळं दुसऱ्या देशांबद्दलचं होतं. तिकडे हा पक्ष्यांचा विषाणू गाईंच्या कासेत शिरला होता. गाई मरत नव्हत्या, पण त्यांचं दूध आटत होतं, घट्ट पिवळट होत होतं. त्यांच्या धारा काढणाऱ्या माणसांचे डोळे लाल होत होते. तिथल्या गोठ्यांतल्या मांजरांनी ते कच्चं दूध प्यायलं, ती मेली. हे वाचताना मला तो प्रकार फार दूरचा वाटला होता, आरामखुर्चीत बसून नवल करावं असा. गाईच्या कासेत पक्ष्यांचा विषाणू! कोणी विचार तरी केला असता? आणि आता त्या नवलातलं एकेक वाक्य माझ्यासमोर पदर सावरत उभं होतं.

"मांजर कुठंय तुमची?" मी विचारलं.

"लय दिवस दिसली नाय. का?"

मला भीती वाटत होती हे खरं. पण भीतीच्या पोटात कुतूहलही जागं झालं होतं, आणि ते भाभीला दिसलं. ती म्हणाली, "ताई, तुमच्या डोक्यात कायतरी चाललंय. सांगून टाका. न सांगता लय भ्या वाटतं."

म्हणून मी सांगितलं. गाईचं, कासेचं, डोळ्यांचं, सगळं. तिने दोन्ही तळहात गालांवर ठेवून ऐकलं. मग पहिल्यांदा तिच्या तोंडून शिरीनचं नाव आलं. "माझं काय बी होऊ द्या. शिरीनच्या पोटात जायला नको."

त्या दिवसापासून त्या घराचे दोन भाग झाले. गोठ्याला लागून असलेल्या खोलीत भाभी, पुढच्या खोलीत शिरीन, मधे एक भिंत आणि बंद केलेलं दार. आरोग्य खात्याची माणसं आली, भाभीच्या नाकाघशातून नमुने घेऊन गेली, तिला गोळ्या सुरू केल्या. घरातल्यांना रोज तपासायला आशाताई येऊ लागल्या. मी गाईचे नमुने घेतले, रक्त आणि चारही सडांचं दूध. आणि पुन्हा तेच, वाट बघायची.

पण गाय वाट बघत नाही. कास भरली की ती हंबरते. रफिकभाईंना तिने लाथ मारली. "मॅडम, मला जवळ येऊच देत नाय," ते गुडघा चोळत म्हणाले. "पैल्यापास्नं बायकांचीच सवय हाय तिला." गावातून कोणी येणार नव्हतं. मग मीच बसले. माझं आजोळ देवळ्याकडचं, लहानपणी मामीच्या गोठ्यात मी धारा काढायला शिकले होते. पण तेव्हा अंगात प्लास्टिकचा पोशाख नव्हता, डोळ्यांवर चष्मा नव्हता आणि काढलेलं दूध खड्ड्यात ओतायचं नव्हतं. सकाळ-संध्याकाळ मी ते दूध काढायचे, त्यात औषध मिसळायचे आणि आवाराच्या कडेला खणलेल्या खड्ड्यात सोडायचे. पिवळट ओघळ मातीत जिरताना बघवत नसे. खिडकीतून भाभी बघत असायची. ती तोंड फिरवायची नाही.

तिथूनच, खिडकीच्या गजांमागून, तिचे प्रश्न सुरू झाले. ताप अंगात होता, आवाज बसला होता, तरी प्रश्न काही थांबले नाहीत.

"ताई, तो उडी मारतो कशी? पाखरातनं गाईत?"

मी कास धुता धुता सांगितलं, "प्रत्येकाच्या अंगातल्या पेशीला एक कडी असते असं समजा. पक्ष्यांची वेगळी, माणसांची वेगळी. ह्या विषाणूला पक्ष्यांची कडी काढता येते."

"आन् गाईची?"

"गाईच्या कासेत दोन्ही तऱ्हेच्या कड्या सापडल्यात म्हणतात."

"आन् माणसाच्या डोळ्यात?"

"तिथे पक्ष्यांसारखी आहे."

"या अल्ला," ती म्हणाली. पण तिच्या आवाजात घाबरण्यापेक्षा दुसरंच काहीतरी जास्त होतं. "म्हणजे माझा डोळा आन् कोंबडी, आमचं नातं हाय?"

मी चष्म्याआड हसले. "आहे म्हणायचं."

"हे गुरुजींना ठावं नसंल," ती समाधानाने म्हणाली आणि खोकू लागली.

भिंतीपलीकडून शिरीन ओरडली, "अम्मी, बोलो मत, दवा ली क्या?" भाभीने भिंतीवर दोनदा टकटक केलं. त्या दोघींचं ते ठरलं होतं, घेतली म्हणून सांगायचं. मग भिंतीला टेकून ती तशीच बसून राहायची. पलीकडे बहुधा शिरीनही तशीच बसत असावी. पावलांचा आवाज येत नसे.

बाहेर गाव आपल्या परीने भीत होतं. घरासमोरून जाताना लोक नाकाला रुमाल लावायचे. रफिकभाईंची पिकअप दारात उभी राहिली, "तुझ्या गाडीत माल नको" असं त्यांना तोंडावर सांगितलं गेलं. समोरच्या कमलमावशी वर्षानुवर्षं भाभीकडून दूध घेत आलेल्या, त्यांनी रोजचं भांडं पाठवायचं बंद केलं आणि दाराशी दोरीवर वाळत घालायचे कपडे मागच्या बाजूला नेले. मला त्यांचा राग आला होता. आता तितका येत नाही. न दिसणाऱ्या गोष्टीला माणसं दिसणारं काहीतरी शोधतात. घर दिसतं, दोरी दिसते, भांडं दिसतं. मी स्वतः घरी पोचल्यावर कपडे बाहेर काढून, अंघोळ करून मगच माझ्या मुलाला जवळ घेत होते आणि आरशात स्वतःचे डोळे बघत होते.

अहवाल आधी गाईचा आला. विषाणू आढळला नाही. साधा कासदाह, कासेला जंतूंचा संसर्ग, आमच्याकडे ज्याला दगडी म्हणतात तो. औषधोपचाराने बरा होणारा, दर गावात दर महिन्याला दिसणारा. मग भाभीचा आला. आढळला नाही. ताप तोवर उतरला होता, डोळेही निवळत होते. आशाताईंनी मधलं दार उघडायला सांगितलं, तेव्हा शिरीनने ते इतक्या जोरात ढकललं की कडी भिंतीवर आपटली. ती आईच्या गळ्यात पडायला गेली, तर मधे पोट आलं. दोघी हसत सुटल्या, मग रडू लागल्या. रफिकभाई चुलीकडे जाऊन खिचडी ढवळत राहिले. खिचडी केव्हाच झाली होती.

मी निघताना भाभी आवारात आली. इतक्या दिवसांनी आम्ही मधे गज नसताना समोरासमोर उभ्या होतो.

"म्हणजे तो माझ्यात आलाच नव्हता?"

"आढळला नाही."

"ते सारखंच हाय का?"

मला वाटतं, दुसरं कुणी असतं तर मी हो म्हटलं असतं. "नाही," मी म्हटलं. "नमुना घेतला तेव्हा नव्हता, एवढंच कळतं. आधी येऊन गेला असेल तर ते ह्यात दिसत नाही. साध्या सर्दीतापानेही डोळे लाल होतात. खरं काय ते कदाचित कधीच कळणार नाही."

ती आवाज खाली आणून म्हणाली, "मग ताई, गावाला कागदावरचं सांगा. हे दुसरं आपल्या दोघींत राहू द्या." आणि जरा थांबून, "पण मला कळायला पायजे होतं. माझंच अंग हाय ते."

हे वाक्य मी विसरलेले नाही. वर्षं गेली, माझी बदली झाली, आता मी शहरात कागद जास्त आणि जनावरं कमी हाताळते. पण आजही कुठून तरी बातमी येते, की पक्ष्यांतून हा आता अमुक प्राण्यात शिरला, तमुक ठिकाणी एका माणसात सापडला. ती वाचताना मला नकाशा दिसत नाही. एक हौद दिसतो. हौदावर एका कडेला कोंबडी आहे, दुसऱ्या कडेला गाय, मांजर उडी मारून येतं आहे, एक बाई बादली भरते आहे, वरून कावळा उतरतो आहे. आपण पुस्तकात ह्या सगळ्यांची वेगवेगळी प्रकरणं केली. पाण्याला ती कशी माहीत असणार? आणि तरीही रोज, सगळीकडे, एवढे हौद असून बहुतेक वेळा काहीच होत नाही. कड्या बंद राहतात. मला खरं नवल त्याचं वाटतं. एखाद्या वेळी दार का उघडलं, हे शोधायला माणसं धावतात. इतर वेळी ते कशाने बंद राहतं, हे विचारायला कुणी येत नाही. भाभीने विचारलं असतं.

शिरीनला मुलगी झाली, धडधाकट. मांजरही परत आली, उसातून, मागे पिल्लांची रांग घेऊन. कमलमावशींचं भांडं मात्र लगेच आलं नाही. मी रोज जाता येता भाभीकडून लिटरभर दूध विकत घ्यायचे आणि दवाखान्यात सगळ्यांसमोर उकळून चहा करायचे. उकळल्यावर हा विषाणू जगत नाही, हे येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे. लोक ऐकायचे आणि "नको, आत्ताच घेतला" म्हणायचे. मग एक दिवस एका म्हाताऱ्याने घेतला. बैल दाखवायला आलेला माणूस, त्याला घाई होती आणि थंडी वाजत होती. असंच, हळूहळू, कुणी न ठरवता ते सुरळीत झालं. कोंबड्या मात्र त्या वर्षी तिने पाळल्या नाहीत. पाळण्यावरच्या सरकारी बंदीची मुदत संपल्यावरही नाही.

थंडी ओसरत आली, द्राक्षांचे ट्रक भरू लागले, तेव्हा एका दुपारी ती दवाखान्यात आली.

"ताई, मला ती बघायचीत."

"कोण?"

"बदकं. जायच्या आत."

मी तिला सांगितलं, त्यांनीच आणला असं कुणी सिद्ध केलेलं नाही. कावळ्यांनी आणला असेल, कुठून तरी आलेल्या अंड्यांच्या ट्रेने, गाडीच्या चाकानेही आणला असेल. "आमच्या पिकअपनंबी?" तिने विचारलं. "असेलही," मी म्हटलं. तिने मान हलवली. "तरी बघायचीत."

रफिकभाईंनी आम्हाला पिकअपमधून नेलं. इतकी वर्षं एवढ्या जवळ राहून ती पहिल्यांदाच त्या पाण्यावर येत होती. दुपारच्या उन्हात पाणी चकाकत होतं. लांबवर, गवताच्या बेटांच्या मधे, तपकिरी, करडे, पांढरे ठिपके विखुरलेले. पाण्याकाठच्या मनोऱ्यावर पक्षी दाखवणारा एक मुलगा मोठी दुर्बीण लावून उभा होता, त्याने तिला जागा करून दिली. तिने एक डोळा मिटला, वाकली आणि बघत राहिली. इतका वेळ, की मागे उभी असलेली माणसं चुळबुळू लागली.

"केवढीशी हायेत," ती शेवटी म्हणाली. "एवढीशी येवढ्या लांबनं येत्यात?"

"हो. डोंगर ओलांडून."

"ह्यातलं आजारी कुठलं?"

"इथून नाही कळत, भाभी."

"त्यांना तरी कळत असंल का?"

ती पुन्हा वाकली. एक बदक डोकं पाण्यात घालून शेपूट आभाळाकडे करून उभं राहिलं तेव्हा तिला हसू आलं. "माझी एक असंच करायची, हौदात," ती म्हणाली, आणि डोळा दुर्बिणीवरून न काढता बोलत राहिली. कुठली कोंबडी कशी होती, कुठली मारकी, कुठली गाईच्या पाठीवर झोपायची. चुन्याचा खड्डा बुजल्यापासून तिने त्यांच्याबद्दल एक अक्षर काढलेलं नव्हतं.

तेवढ्यात गवतातून एक शिकारी पक्षी वर आला आणि सगळं पाणी एकदम उठलं. शेकडो पंखांचा आवाज आमच्या दिशेने आला. पक्षी मनोऱ्यावरून, अगदी आमच्या डोक्यांवरून गेले. भाभी मटकन खाली बसली आणि तिने पदर नाकातोंडावर घट्ट दाबून धरला. रफिकभाई पुढे झाले. तिने हातानेच त्यांना थांबवलं. थवा लांब जाऊन वळला, उन्हात एका अंगाने चमकला आणि परत येऊ लागला.

ती उभी राहिली. पदर तसाच तोंडावर होता. मग तिने तो सोडला, कठडा दोन्ही हातांनी धरला, आणि पुन्हा डोक्यावर आलेल्या त्या थव्याकडे तोंड उघडं टाकून, मान वर करून बघत राहिली.